मुक्या जात्यांची गिरणी

समजा, तुम्ही गावात पिठाची गिरणी घातलीय. आजवर सगळं गाव घरच्या जात्यावर दळत आलेलं, तेही फुकट. मग गिऱ्हाईक दारात आणायचं कसं? करा बघू विचार.

सेहेचाळीस साली लढाईवरून परतलेल्या जोतीरामापुढं हाच सवाल होता. पलटणीच्या वर्कशॉपात इंजिनं खोलून जोडण्यावर त्याचा हात बसलेला. सांगलीच्या रामगोंडा पाटलांनी त्याला एक जुनं ऑइल इंजिन आणि दगडांची जोडी दिली, पण बोलीवर.

"दिवाळीपातूर गिरणी चालली तर तुझी. न्हाई चालली, तर इंजिन सांगलीला माघारी. बघ गड्या."

औंधच्या वाटेवरच्या त्याच्या गावात इंजिन बैलगाडीतून आलं आणि चावडीमागं बसलं. धुराड्यावर पत्र्याचा डबा बसवला, तसा त्याचा पुकपुकाट पार शिवारापर्यंत जाऊ लागला. पोरं जमली, म्हातारे जमले. दळण घेऊन मात्र कुणी आलं नाही.

जोतीराम पलटणीतला गडी. हुकूम सुटला की माणसं हलतात, अशी त्याची पक्की समजूत. त्यानं गावात दवंडी देणाऱ्या धुळाला हलगी घेऊन गावभर फिरवलं.

"ऐका हो ऐका! उद्या सक्काळी समद्यांनी घरातलं धान्य घिऊन चावडीमागं यावं होऽ!"

सकाळी चिटपाखरूही फिरकलं नाही. उलट आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आतच अर्ध्या गावानं जोंधळा जमिनीतल्या पेवात लोटून वरनं शेणानं सारवून घेतलं होतं. लढाईच्या सालांत हलगी वाजली की सरकारी लेव्हीवाले सक्तीनं धान्य उचलायला यायचे. जोतीराम तेव्हा परमुलखात. त्याला हे कुठून ठाऊक?

त्याची बायको शालूबाई तोंडाला पदर लावून हसत सुटली. "आवं, दळायचं बायकांनी, आन् सांगावा चावडीवरनं व्हय?"

"मग काय करू? इंजिन डोक्यावर घिऊन दारोदार हिंडू?"

"कान हायती न्हवं? उद्या पहाटं माज्यासंगं चला."

पहाटे गल्लीत घरोघर जात्यांची घरघर चालली होती. वर ओव्या. शालूबाई चालता चालता एका दारापाशी थांबली. आत सामसूम.

"राहीबाई बाळंत झालीया. दळणार कोण?"

पुढं बनुबाईचा हात मोडलेला. त्याच्या पुढल्या घरी सासू-सुनेचं वाजलेलं, दोघीही जात्याला शिवेनात.

त्या मुक्या घरांतून शालूबाईनं धान्याच्या पाट्या डोक्यावर आणल्या. पीठ गरम आलं तर बायका नाक मुरडतील, म्हणून जोतीरामानं दगडांचा दाब कमी केला. ती पीठ पोचवायची आणि त्याच घरच्या तव्यावर एक भाकरी थापून दाखवायची. भाकरी टम्म फुगली, चिरली नाही, की शेजारणीही डोकवायच्या.

दिवाळीला रामगोंडा गाडी घेऊन हजर. गिरणीपुढं पाट्यांची ही रांग!

"इंजिन न्यायला आलतो रं," ते हसले. "आता रांगंत हुबं ऱ्हाऊ का?"

इंजिन राहिलं. हळूहळू घरोघरची जाती कोपऱ्यात गेली.

आता शालूबाई नाही. म्हातारा जोतीराम अजून पहाटे उठून अंगणात कान देऊन बसतो. एकही जातं वाजत नाही, ओवी नाही. तेव्हा चार घरं मुकी असायची, म्हणून ती ऐकू यायची. आता सगळं गावच गप्प. मग यातलं अडलेलं घर कोणतं, हे शालूनं कसं ओळखलं असतं?