अठ्ठावीस इंचांचा बास

मासा हातात आला होता. मापात बसत होता. आणि मी सांगितलं म्हणून तो परत पाण्यात गेला. या गोष्टीला वर्ष होत आलं, तरी आठवण झाली की माझं डोकं तापतं, आणि तापतं ते स्वतःवरच.

सासरे गेल्या एप्रिलमध्ये आमच्याकडे पार्सिपनीला आले होते. पहिल्यांदाच. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झालेली, पण ते लग्न इथल्या टाउन हॉलमध्ये, त्यांना न विचारता झालेलं. मुलगी अलिबागकडची, मुलगा नागपूरचा आणि बातमी फोनवरून कळवलेली. पहिली तीन वर्षं ते माझ्याशी बोललेच नाहीत. पुढे बोलायला लागले, पण बेतानं. मला ‘अहो’ म्हणायचे, ‘तुम्ही’ म्हणायचे. ‘जावई’ हा शब्द त्यांच्या तोंडून माझ्यासाठी कधी निघाला नव्हता. सासूबाई गेल्या, तिकडचं घर खायला उठलं, तेव्हा कुठे ते सहा आठवड्यांसाठी लेकीकडे यायला तयार झाले.

आणि इथे येऊन करणार काय? आम्ही दोघंही दिवसभर कॉलवर. ते कार्पेटवरून पाय न वाजवता इकडून तिकडे फिरायचे. फ्रोझन पापलेट आणलं तर एक तुकडा खाऊन ताट सरकवलं. “हा मासा दोनदा मेलाय,” म्हणाले. मला हसू आलं आणि रागही आला, कारण ते शोधायला मी तीन दुकानं पालथी घातली होती.

ऑफिसातल्या एकानं सांगितलं, वसंतात बास नावाचे मासे अंडी घालायला नदीकडे निघतात आणि वाटेत खाडीत थांबतात. किनाऱ्यावरून गळ टाकला तरी मिळतात. मला मासेमारीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सासऱ्यांचा चेहरा पंधरा दिवसांत पहिल्यांदा उजळला, म्हणून शनिवारी सकाळी आम्ही निघालो. मी नियम वाचून गेलो होतो. नियम वाचण्यात मी हुशार. ग्रीन कार्डच्या रांगेत उभा असलेला माणूस रस्त्यावर थुंकायच्या आधीसुद्धा नियम वाचतो. तर नियम असा, की बास अठ्ठावीस इंचांपेक्षा लहान नको आणि एकतीसच्या आतला हवा. मोठा असेल तरी सोडायचा. आणि माणशी एकच.

“म्हणजे मोठा मिळाला तर शिक्षा?” सासरे म्हणाले.

“अंडी घालणाऱ्या मोठ्या माद्या वाचाव्यात म्हणून, बाबा.”

“हं.”

तासाभरात त्यांच्या गळाला बास लागला. त्यांनी तो असा ओढला की शेजारचे दोन गोरे आपापले रॉड सोडून बघत राहिले. रुपेरी अंग, त्यावर काळ्या रेघा. ओल्या वाळूवर गुडघे टेकून सासऱ्यांनी त्याच्या कल्ल्याजवळ हात ठेवला. “हा तर आमच्या खाडीतला जिताडाच,” म्हणाले. “नुसता शर्ट बदललाय.” मग मासा दोन्ही हातांवर आडवा धरून ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “घ्या. हा तुमचा.”

मी टेप काढली. जेमतेम अठ्ठावीस भरला. माझ्या डोक्यात लगेच हिशेब सुरू झाला. माणशी एकच, म्हणजे हा ठेवला की बाबांची आजची पाळी संपली. अजून सगळी सकाळ पडलेली. तीसचा मिळाला तर? साडेतीसचा? ऑफिसात लोक असेच विचार करतात, आणि त्याबद्दल त्यांना शाबासकी मिळते.

“छोटा आहे, बाबा,” मी म्हणालो. “सोडू या. मोठा मिळेल.”

 ते पाण्यात दोन पावलं गेले, मासा हळूच खाली धरला, त्याला श्वास घेऊ दिला आणि हात काढून घेतला. त्यानंतर दुपारपर्यंत ना मासा मिळाला ना त्यांच्या तोंडून शब्द. परतीच्या वाटेवर ते खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, दमले.

घरी बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती हातातला चमचा ठेवून माझ्याकडे बघतच राहिली.

“तू नाही म्हणालास? यार, तू बाबांना नाही म्हणालास?”

“नाही कुठे म्हणालो? रिलीज केला फक्त. ऑप्टिमाइज करत होतो.”

“अरे, आमच्याकडे जावयाला जिताडा देतात. सासरा स्वतः देतो, स्वतःच्या हातानं. घराजवळच्या तळ्यात पिल्लं सोडून वर्षानुवर्षं वाढवतात त्याच्यासाठी. ताईच्या नवऱ्याला दर वर्षी मिळतो. नऊ वर्षांत तुला एकदा दिला त्यांनी, आणि तू त्याला टेप लावलीस?”

हे मला आधी का सांगितलं नाहीस, म्हणून मी तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, तुला ते कधी मिळेल असं मलाच वाटलं नव्हतं, सांगून तुला कशाला दुखवू? 

आता सरळ माणूस काय करेल? बाहेरच्या खोलीत जाईल आणि म्हणेल, बाबा, मला ठाऊक नव्हतं, चुकलो. एका वाक्याचं काम. मी दोनदा गेलो. एकदा ते बातम्या बघत होते, दुसऱ्यांदा डोळे मिटून बसले होते. दोन्ही वेळा मी ‘चहा घेणार का’ एवढं विचारून परत आलो. आणि ते वाक्य बोलायचं सोडून मी काय केलं, तर चांगला रॉड आणला, व्हिडिओ पाहिले, भरती-ओहोटीचं ॲप घेतलं. मापातला मासा पुन्हा त्यांच्या हाती लागला पाहिजे, बस. मग ते पुन्हा देतील आणि मी दोन्ही हात पुढे करीन.

मासे मात्र इरेला पेटले होते. दुसऱ्या शनिवारी नुसती पिल्लं. वीस इंच, बावीस, एकदा सत्तावीस आणि वर पाऊण. त्या पाव इंचासाठी मी टेप तीनदा लावली. शेपटी चिमटून पाहिली, तोंड मिटून पाहिलं. सासरे म्हणाले, “ओढून वाढायला तो काय रबर आहे?” तिसऱ्या शनिवारी चाळीस इंची मादी आली, पोट तट्ट फुगलेलं. टेप काढायचीही गरज नव्हती. सासऱ्यांनी तिच्या पोटावर तळहात ठेवला. “गाबोळीनं भरलीये, अंडीच अंडी,” म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच तिला खोल पाण्यात नेऊन सोडलं. नियम मी वाचला होता, पण तो कळला होता त्यांना. मी किनाऱ्यावर उभा राहून समुद्राला, नियमांना आणि इंच शोधून काढणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

चौथा शनिवार शेवटचा. सोमवारी त्यांचं विमान. बायकोनं सकाळीच खोबऱ्याचं वाटण करून ठेवलं, म्हणजे मासा यायचाच असं धरून. मला त्याचंही दडपण आलं. वाऱ्यानं पाणी गढूळ झालं होतं. अकराच्या सुमाराला मासा लागला, पण लागला कुणाच्या गळाला? माझ्या. दोनदा पाण्याबाहेर उसळला तेव्हा मला स्पष्ट दिसला. एकोणतीस. फार तर साडेएकोणतीस. चार शनिवार इंच मोजून माझे डोळे आता टेपच झाले होते.

आणि मला काय सुचावं? मी रॉड सासऱ्यांच्या हातात कोंबला. “धरा बाबा, माझा खांदा भरून आलाय.” त्या धांदलीत दोरी क्षणभर सैल पडली. मासा एकदा डोकं झटकून गेला. सासऱ्यांच्या हातात हलका रॉड आणि टोकाला रिकामा गळ.

“अहो, मला कशाला दिलात?” ते खरंच चिडले होते. “चांगला येत होता की! आता दोन मिनिटांत काढला असतात तुम्ही.”

“मला काढायचा नव्हता!” मीही ओरडलो. आवाज चढला, तो थांबवता येईना. “मला तुमच्या हातून हवा होता. त्या दिवशी तुम्ही दिलात, तो काय होता हे मला माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. मी गाढवासारखा टेप लावत बसलो.”

 ते सावकाश दोरी गुंडाळत राहिले. मग गळ पुसून रॉडला अडकवला आणि म्हणाले, “चला. भूक लागली.”

एवढंच. तीन आठवडे मनात अडकलेलं बाहेर काढलं, आणि उत्तर काय, तर भूक लागली. पूर्ण रस्ता मी गाडी नुसती दामटली. एकदा ते म्हणाले, “सावकाश,” तेव्हाही मला राग आला.

घरी बायकोनं आइसबॉक्स उघडून पाहिली, बर्फाखेरीज काही नव्हतं, तिनं झाकण लावलं. वाटण तर वाया घालवायचं नाही. तिनं त्या तिखट, आंबट, खास जिताड्यासाठी केलेल्या रश्शात बटाटे टाकले. आम्ही जेवायला बसलो. मी खाली मान घालून भात कालवणार, एवढ्यात सासरे उठले. त्यांनी डाव बायकोच्या हातातून घेतला आणि टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आले. पातेल्यात बराच वेळ काहीतरी शोधलं. मग बटाट्याची एक फोड माझ्या ताटात वाढली.

“जावई,” ते म्हणाले, “छोटा आहे. पण हा सोडू नका.”