पुस्तकांना जाब विचारणारे अण्णा

सहावीच्या वर्गात अपूर्णांक शिकवत होते, तेव्हा कांताचा फोन आला. शेजारची कांता शाळेच्या वेळात कधी फोन करत नाही. "नसीमबाई, अण्णा गेले," एवढंच म्हणाली. मी फळ्यावरचं गणित पुरं केलं, मुलांना ते उतरवून घ्यायला सांगितलं आणि व्हरांड्यात जाऊन रडले. कांताचे सासरे भागुजी अण्णा, पिशोरकडचे मेंढपाळ. बायको गेल्यावर मुलानं त्यांना पडेगावला आणलं, ते आमच्या अगदी भिंतीला भिंत लागून. त्यांना जाऊन आता महिना होऊन गेलाय. त्यांच्या मेंढरांबद्दल लिहिणारे दुसरे असतील, मला लिहायचंय त्यांच्या ऐकण्याबद्दल.

साखरेच्या दुखण्यानं त्यांची नजर गेली. पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस दिवसभर ओट्यावर बसून नुसता चिडायला लागला, तेव्हा मीच त्यांच्या फोनवर ऑडिओबुक लावून दिलं. पहिली कादंबरी त्यांनी दहा मिनिटांत बंद करायला लावली. "घडलेलं असंल ते लावा, बाई. बनवाबनवी ऐकायला घरात टीव्ही हाय." मग इतिहास, विज्ञान, शरीर, शेती, जे मिळेल ते मी लावत गेले. मुकाट ऐकणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पुस्तक मध्येच थांबवून ते त्याला जाब विचारायचे आणि तो आवाज थेट आमच्या स्वयंपाकघरात यायचा. पशुपालनाच्या पुस्तकानं मेंढीला मंद बुद्धीची ठरवलं, तर हे कडाडले, "तुझ्या दारात व्हती का कधी मेंढी? माझ्या मेंढीला माझ्या पावलाचा आवाज ठाऊक व्हता." झोपेवरच्या पुस्तकानं आठ तास झोपा म्हटलं, तर म्हणाले, "आठ तास झोपलो असतो तर लांडग्यानं कळप नेला असता." फक्त एकदा पुस्तकाशी भांडले नाहीत. आपले डोंगर म्हणजे थिजून दगड झालेला लाव्हा आहे, हे ऐकल्यावर ओट्याच्या दगडावरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिले. "जन्मभर यावर मेंढरं चारली... कुणी सांगितलं नाय," म्हणाले. मी इतकी वर्षं शिकवतेय, पण भूगोलाच्या तासाला असा चेहरा मला एकदाही पाहायला मिळाला नाही.

त्यांची एकच तक्रार कायम असायची, की शिकलेली माणसं लई घाईत बोलतात, यांना एसटी गाठायची असती का. मी हसून सोडून द्यायचे. मग हृदयाच्या आजारांवरचं एक पुस्तक सुरू असताना त्यांनी मला भिंतीपलीकडून हाक मारली. "बाई, याला दमानं बोलायला लावा. एवढं तरी मला नीट ऐकायचंय." फोन हातात घेऊन पाहिला, तर वाचनाचा वेग दीडपट! पहिल्या दिवशी माझाच अंगठा लागलेला असणार. वर्षभर हा माणूस प्रत्येक पुस्तक धावत्या आवाजात ऐकत होता आणि तशातही पुस्तकांच्या चुका काढत होता. मी माफी मागितली, हसलेही. अण्णा हसले नाहीत. "आधी हळू करा," म्हणाले.

त्या प्रकरणात सांगितलं होतं, की हृदयविकाराचा झटका आला तरी छातीत कळ येतेच असं नाही; बायकांना कधी पाठ, कधी जबडा दुखतो, मळमळतं, गळून जायला होतं. अण्णांनी ते चार वेळा ऐकलं आणि त्या दिवशी जेवले नाहीत. का ते कांतानं मला सांगितलं. सासूबाई गेल्या त्या सकाळी पाठ धरलीय, जबडा आवळतोय म्हणत होत्या. अण्णांनी पित्त समजून ओवा दिला, पाठीला तेल चोळलं. दुपारपर्यंत त्या गेल्या. मेंढी नुसती उभी कशी आहे यावरून तिचं दुखणं सांगणारा माणूस हा. ती गेल्यापासून त्यांनी 'सोना' हे बायकोचं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

पुढचे काही आठवडे अण्णांनी गल्लीला सळो की पळो करून सोडलं. भाजीवाली असो, पापड लाटायला जमलेल्या बायका असोत, सगळ्यांना बसवून ते प्रकरण ऐकवायचे. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मीही टाळायला लागले होते, हे कबूल करते.

मग एका रविवारी अंगणात कपडे वाळत घालताना मी कांताला म्हटलं, दाढ ठणकतेय, उद्या दाताच्या डॉक्टरकडे जाईन. अण्णा ओट्यावरून उठले. "एक दाढ का आख्खा जबडा? अन् पाठ?" आख्खा जबडाच दुखत होता, पाठही भरून आली होती. "मग दातवाल्याकडं नाय जायचं," म्हणाले आणि मुलाला रिक्षा काढायला लावली. मी नाही-नाही म्हणत होते, त्यांनी ऐकलंच नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हा हृदयविकाराचा झटकाच आहे, तासाभरानं आला असतात तर अवघड होतं.

तिसऱ्या दिवशी मुलाचा हात धरून अण्णा भेटायला आले, खाटेची कड चाचपून स्टुलावर बसले. मी आभार मानायला लागले तर हातानंच थांबवलं.

"बाई, मी तिच्याकडं दुर्लक्ष नव्हतं केलं. मला ठाऊक नव्हतं."

"व्हय अण्णा. ठाऊक नव्हतं," मी म्हणाले.

"ठाऊक असतं तर सोनाला बी वाचवलं असतं मी."

त्यांच्या आवाजात रडणं नव्हतं, खात्री होती. ती खात्री घेऊनच अण्णा गेले आणि ती ऐकायला मी जिवंत होते.