ज्यांचं काम शिकायला गेले

इंग्लंडला जायचं ठरलं तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. कोथरूडहून रोज स्कूटरवरून खराडीच्या ऑफिसात पोचेपर्यंत निम्मा जीव जायचा, त्यामुळे सहा महिने परदेशी जायचं म्हणजे सुट्टीच मिळाल्यासारखं वाटलं. निघायच्या आधी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"तिथल्या विमा कंपनीचं दाव्यांचं सगळं काम आपल्याकडे येणार आहे. ते शिकून घ्यायचं. पण तिथल्या लोकांना हे अजून सांगितलेलं नाही. तेव्हा तोंड बंद."

मी मान हलवली. त्यात काही अवघड आहे असं वाटलंच नाही.

गाव उत्तरेकडचं, लहान, सगळे रस्ते चढाचे. दुकानं साडेपाचला बंद व्हायची आणि मी सहाला सुटायचे. पहिला आठवडा आईने दिलेल्या मेतकुटावर काढला. खोलीतला हीटर चालत नव्हता. मालकाला सांगायचा धीर होईना, म्हणून कोट घालूनच झोपायचे.

मला शिकवायला ज्या बाई नेमल्या होत्या त्या पन्नाशीच्या होत्या. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, त्याच खात्यात पंचवीस वर्षं झालेली. चौथ्या दिवशी माझे फुटलेले ओठ पाहून म्हणाल्या, "संध्याकाळी तुझ्या खोलीवर येते." आल्या, हीटरच्या मागे हात घालून एक खटका फिरवला. "एवढंच होतं. विचारायचं नाही का?" मग पर्समधून टेप काढून खिडकी मोजली आणि रविवारी जाड पडदे शिवून घेऊन आल्या. मी अंडंसुद्धा खात नाही हे कळल्यावर दुकानात चष्मा कपाळावर चढवून त्या एकेका डब्यावरची बारीक अक्षरं मला वाचून दाखवत होत्या. महिन्याभरात मला ते गाव आपलं वाटायला लागलं, ते त्यांच्यामुळेच.

कामातलं निम्मं कुठल्या कागदावर नव्हतंच, ते त्यांच्या डोक्यात होतं. नदीला पूर आला तर कुठल्या गल्ल्यांचे दावे वेगळे धरायचे, कुठला जुना नियम अजून चालतो आणि का. मी वहीत लिहून घ्यायचे.

"एवढं सगळं कशाला लिहितेस?"

"मी विसरते," मी म्हणाले. त्या हसल्या.

तिसऱ्या महिन्यात एकदा जेवताना त्या म्हणाल्या, "इथल्या शाळेत मला ऑफिसातली नोकरी देतायत. घरापासून चालत पाच मिनिटांवर. पण इतकी वर्षं इथे काढली, सोडवत नाही. तुमच्या साहेबांचं आमच्या वरच्या लोकांशी बोलणं होत असेल. इथलं काम चालू राहील ना?"

मी सँडविचच्या कागदाची घडी घालत राहिले. "मला त्यातलं काही माहीत नाही."

"मग शाळेला नाहीच म्हणते. आणि तुला असं अर्धवट शिकवून कुठे जाऊ?"

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही बसस्टॉपपर्यंत बरोबर चालत गेलो. बोलायला पुष्कळ वेळ होता. पुढे मी स्वतःला सांगत आले की साहेबांची भीती होती, नोकरीची भीती होती. ती होतीच. पण त्या गेल्या तर माझं काम अडेल, हेही तेव्हा माझ्या मनात येऊन गेलं होतं.

पाच आठवड्यांनी सगळ्यांना सभागृहात बोलावून खातं बंद होणार असल्याचं सांगितलं. बाई परत आल्या त्या सरळ माझ्या टेबलापाशी.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मी विचारलं तेव्हाही?"

"हो."

त्या खुर्ची ओढून बसल्या. "बरं. पुराचे दावे राहिलेत. पेन काढ."

उरलेल्या दिवसांत त्यांनी मला सगळं शिकवलं, एक ओळही हातची राखली नाही. जेवायला मात्र माझ्याबरोबर पुन्हा कधी बसल्या नाहीत. निघायच्या दिवशी हात मिळवला, तो एखाद्या परक्या माणसाशी मिळवावा तसा.

पुण्यात परत आल्यावर मला बढती मिळाली. घरी बढतीबरोबर बाईंचंही सगळं सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "अगं, कंपनीची गोष्ट, तू तरी काय करणार होतीस?" बाबा निवृत्त शिक्षक. त्यांनी पेपर खाली ठेवला. "कोणी विचारलं नसतं तर गोष्ट वेगळी होती. त्यांनी विचारलं होतं," एवढं म्हणून ते फिरायला निघून गेले.

दोन वर्षांनी मी बाईंचा नंबर मिळवून फोन केला. माझा आवाज त्यांनी लगेच ओळखला. आता दुपारी एका औषधाच्या दुकानात काम करते म्हणाल्या. उभं राहून पाय दुखतात. शाळेतली जागा केव्हाच भरली गेली होती. मी माफी मागितली; पाठ करून ठेवलेली वाक्यं भरभर म्हणून टाकली.

"मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं असतं."

मग त्यांनी आईची तब्येत विचारली, दुकानात जायची वेळ झाली म्हणाल्या आणि फोन ठेवला. माझी माफी त्यांनी घेतली की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. पुन्हा फोन करून विचारायचा धीर मला झाला नाही.