संघासोबत नेलेला मेंढपाळ

डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. पायात मात्र कबड्डीचे बूट. असा मी इंग्लंडातल्या एका क्रीडागृहात मॅटच्या मधोमध उभा. समोर गोरे, देशी, सगळे फोन वर धरून. आमच्या दौऱ्याचे संयोजक सर माझ्या तोंडापुढं माईक धरतात आणि म्हणतात, "काढ रे, मेंढरं बोलावतोस ती हाक काढ."

मी काढली. खोटं कशाला बोलू, झकास काढली. आमच्या गावच्या, झरीच्या माळावरून पल्याडच्या शिवारात जाईल अशी. टाळ्याच टाळ्या. मी वाकून मुजराही केला. वाटलं, ही करमणूक झाली की पटका उतरवायचा आणि चढाईला जायचं.

सामना सुरू झाला, संपला. मला कुणी मैदानात घेतलंच नाही.

खेळायलाच तर गेलो होतो. हे प्रदर्शनी सामने म्हणजे बाजार. तिथल्या क्लबांची माणसं खुर्च्या टाकून बसतात, एखादा खेळाडू डोळ्यांत भरला की हंगामाचा करार करतात. जिल्ह्यात माझ्या चढाईला तोड नव्हती. पण वय निसटत चाललं होतं. मला पुन्हा कोण नेणार?

निघण्याआधी सरांचा फोन आला होता, "येताना घोंगडी आण, काठी आण." माझा बाप हरखला. "मानूस लय मायाळू हाय. तिकडं थंडी असती म्हून सांगायलाय." आमच्याच मेंढरांची लोकर, आईनं कातलेली. सनगराकडून नवी घोंगडी विणून घेतली, चिंचोक्याची खळ दिली, भंडारा लावून माझ्या खांद्यावर टाकली. तो माणूस पोशाख मागवतोय, हे घरात एकालाही सुचलं नाही.

सामन्यानंतर एका क्लबाचा माणूस माझ्या मांड्यांकडं बघत आला. सरांना काहीतरी विचारलं. सर हसले. "नो, नो. नॉट प्लेअर. शेफर्ड."

माझं इंग्रजी पाथरीच्या एसटीसारखं, कधी येईल सांगता येत नाही. त्या दिवशी नेमकं वेळेवर आलं.

तो माणूस मान हलवून दुसऱ्या खेळाडूकडं गेला.

मी सरांना गाठलं. "सर, मला मैदानात कवा उतरवायलात?"

"खेळणारे आहेत माझ्याकडं. धनगर एकच आहे. विमानात बसवलं, ते काय कमी झालं?"

पुढच्या सामन्याला पुन्हा तोच थाट. माईक तोंडाशी. मी घोंगडी उतरवली, घडी घालून काखेत धरली. आत संघाचा सदरा होताच. म्हणालो, "आय प्लेअर. आय रेडर."

लोक हसले. त्यांना तोही नाटकाचा भाग वाटला. टाळ्यासुद्धा पडल्या.

सर कानाशी म्हणाले, "हाक काढ, नाहीतर घरी."

"मंग घरी."

घरी आलो. बापानं विचारलं, "थंडी होती का रं?"

"होती."

मला पुन्हा कुणी नेलं नाही. आता मी पोरापोरींना कबड्डी शिकवतो आणि त्यांच्यासाठी असेच दौरे शोधतो. संयोजकांच्या दारात बसतो, हांजी हांजी करतो, नकला करून त्यांना हसवतो. परवा एक दौरा जमला. माझ्याकडची एक पोरगी, मेंढरंवाल्याच्या घरची. डाव्या कोपऱ्यात तिनं घोटा धरला की सुटत नाही. सगळं ठरलं. मग संयोजक बाई फोनवर म्हणाल्या, "उद्घाटनाला तिला पारंपरिक वेशात आणा हं. कोकरू आम्ही तिकडं बघतो."

"ती खेळणार कवा?"

"बघू. आधी येऊ तर द्या."

"मंग न्हाई यायची."

पोरगी शेजारीच उभी होती. "सर, मी घेते की कोकरू. घरी रोजच घेते. जाऊ द्या ना."

"सात जणींत नाव असंल तर जा. कोकरू धरायला मी पाठवत न्हाई."

तेव्हापासून ती मैदानावर आलेली नाही. तिचा बाप गावभर सांगतो, "ह्याचं जमलं न्हाई म्हून माझ्या लेकीचंबी जमू देईना." मला बघून तोंड फिरवतो.

त्याचं खरंही असेल. तरी पुढचा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे, माझा खेळाडू कुठल्या जागेवर खेळणार? उत्तर नसेल तर नाही. पोरगी रडली तरी नाही. माझ्या मैदानावर एकही पोर उरलं नाही, तरी नाही.