धाकटीच्या तीन काचा

धाकट्या जावेला लॅबमध्ये थोरलीनेच चिकटवलं होतं, आणि दोन वर्षांत तिला त्याचा मनापासून पश्चात्ताप झाला होता.

रक्ततपासणीच्या त्या लॅबमध्ये थोरलीची बावीस वर्षं गेली होती. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावायचा आणि काचांवरच्या रक्ताच्या पेशी न्याहाळायच्या. पण काम काही तिची पाठ सोडत नसे. घरी भाजी चिरताना मध्येच आठवायचं, त्या अकरा नंबरच्या काचेवरच्या पेशी जरा मोठ्याच होत्या का? मग नवऱ्याच्या हाका कानावरून जायच्या आणि भाजीत मीठ एक तर दोनदा पडायचं, नाही तर पडायचंच नाही.

धाकटीचं तसं नव्हतं. पाच वाजले की ती कोपरापर्यंत हात धुवायची, ॲप्रन टांगायची आणि मोकळी व्हायची. घरी आल्या आल्या लेकीबरोबर पत्ते मांडून बसायची. सासरेसुद्धा म्हणायचे, "धाकटी आली की घर जागं होतं." हे ऐकलं की थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मरमर आपण करायची आणि कौतुक हिचं!

हिला कामाची काळजीच नाही, असं थोरलीने ठरवून टाकलं. आता फक्त पुरावा हवा होता. एका गुरुवारी धाकटी दातांच्या डॉक्टरकडे लवकर गेली, तेव्हा थोरलीने तिचा ट्रे पुढ्यात ओढला आणि एकेक काच तपासली. एक तरी चूक सापडू दे, असं तिला अगदी आतून वाटत होतं.

चूक सापडली नाही. पण तीन काचा ट्रेमध्ये नव्हत्याच. थोरलीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ती तडक मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली.

"धाकटीने तीन काचा हरवल्यात."

"त्या माझ्याकडे आहेत," बाई म्हणाल्या. "शंका आली की ती जाण्यापूर्वी मला आणून देते. तुम्ही कधी आणत नाही. मला वाटायचं, तुम्हाला शंका येतच नाहीत."

विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करायचं, असाच थोरलीचा आजवरचा समज होता.

संध्याकाळी धाकटी गालाला हात लावून बसली होती. थोरलीने जवळ जाऊन सांगून टाकलं, "आज मी तुझा ट्रे तपासला."

"काही सापडलं?"

"नाही."

धाकटीने गालावरचा हात काढला. मग म्हणाली, "सुरुवातीला मी घरी येऊन बाथरूममध्ये रडायचे, जाऊबाई. तुम्हाला वाटायचं, केस धुतेय. तुम्हाला विचारायची हिंमत होत नव्हती, म्हणून बाईंना विचारायला लागले."

थोरलीला हे फार लागलं. पण दुसऱ्या दिवशी पाचला तिने मुकाट्याने दोन काचा बाईंपुढे ठेवल्या. एकीत ती बरोबर होती, एकीत चुकली होती. बाईंनी खुर्ची सरकवून तिला दाखवलं, बस्स. घरी जाताना त्या दोन काचा तिला आठवल्याही नाहीत.

मत्सर मात्र गेला नाही. धाकटीला जे दोन वर्षांत सुचलं ते आपल्याला बावीस वर्षांत सुचू नये, हे तिला पुढे कितीतरी दिवस जाळत राहिलं.