दोन पंपांचा एक पंप

काहूनभाईंबद्दल लिहायचं मी फार वर्षं टाळलं. कोणी विचारलं नाही, हे मी स्वतःला दिलेलं कारण. कोणी विचारू नये असंच मला वाटत होतं, हे खरं कारण. पण परवा आमच्या जुन्या मंडळींनी आपल्या कामाचा इतिहास छापला. त्यात चर्चागटाची फाळणी हा 'दूरदृष्टीचा निर्णय' ठरला आहे आणि तो मांडणारा म्हणून माझं नाव आहे. काहूनभाईंचं नाव कुठेच नाही. ते वाचून माझं डोकं फिरलं. दूरदृष्टी? आम्हाला काहूनभाईंचं बाळापूर दिसत नव्हतं!

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे रोज सकाळी वर्तमानपत्र उघडायची भीती वाटावी, असे वऱ्हाडातले ते दिवस होते. मी अमरावतीला तंत्रनिकेतनात शिकवत होतो. आम्ही काही शिक्षक आणि पुण्या-बंगळुरात गेलेले आमचे विद्यार्थी, अशांनी मिळून एक प्रोग्राम तयार केला. कपाशीवरची कीड निवडली की कोणतं औषध पंपाला किती टाकायचं, ते मराठीत छापून मिळायचं. तालुक्या-तालुक्यातले इंटरनेटचे दुकानदार तो कागद शेतकऱ्यांना द्यायचे. प्रोग्राम लिहिणारे आणि वापरणारे, सगळे इंटरनेटवरच्या एकाच गटात लिहीत. काहूनभाईंचं बाळापूरला तसलंच दुकान होतं.

त्यांचा संदेश म्हणजे भेटीला आलेला पाहुणा. "समद्यायले सलाम, नमस्कार, जय भीम. तब्येती बऱ्या हायेत नं? इकडं ढग येऊन राहिले अन् पानी पळून राहिलं." मग दुकानातल्या गिऱ्हाइकांची हालहवाल, आणि तळाशी कुठेतरी प्रश्न. प्रत्येक प्रश्नात 'काहून', म्हणजे 'का'. बटन उजवीकडंच काहून? पडदा हिरवा काहून? "अळीबी हिरवीच राहते बापा, दिसन कशी?" नाव त्यावरून पडलं आणि ते त्यांना आवडायचंही.

नम्र वगैरे ते मुळीच नव्हते. आपल्या प्रिंटरवाचून बाळापूरची शेती अडेल, असं ते छातीठोक सांगत. प्रत्येक कागदाच्या डोक्यावर सल्ल्यापेक्षा मोठ्या अक्षरांत स्वतःच्या दुकानाचं नाव छापत. त्यांचे बहुतेक प्रश्न फालतू असत, हेही लिहिलं पाहिजे. नाहीतर मी त्यांचा संत करून स्वतःची सुटका करून घेईन.

पुण्याची मुलं वैतागली. "सर, या माणसाच्या गप्पांत कामाचे संदेश वाहून जातात." मी तोडगा काढला: प्रोग्रामर मंच वेगळा, वापरकर्ता मंच वेगळा. सगळ्यांना पटला. बाळापूरहून तेवढा फोन आला.

"सर, आमची पंगत वेगळी काहून लावून राहिले?"

"अहो भाई, तुमच्याच सोयीसाठी."

"सोयीसाठी! मंग त्या पंगतीत वाढाले कोन येनार?"

"मी येईन ना. रोज येईन."

काही आठवडे मी गेलो. मग परीक्षा आल्या, मग प्रोग्रामर मंचावर रंगदार वाद सुरू झाले. तिकडे जाणं राहून गेलं. इतर कोणी तर एकदाही डोकावलं नाही.

मग पंपाचं झालं. फवारणीचे पंप दोन: पाठीवरचा साधा आणि पेट्रोलवर चालणारा पावर पंप. पावर पंपाला पाणी थोडं लागतं, म्हणून त्याच्या टाकीत औषध तिप्पट टाकतात. आमच्याकडे कोणालाही हे सांगावं लागत नाही. पण पुण्यातल्या एकाला पडद्यावर दोन पंप म्हणजे गर्दी वाटली. त्याने एकच 'पंप' ठेवला आणि मात्रा राहिली पावर पंपाची. आम्ही कौतुक केलं. मी स्वतः लिहिलं, "सुटसुटीत झालं." मी वऱ्हाडातला, आणि मी!

वापरकर्ता मंचावर काहूनभाई विचारत होते, "दोन पंप होते, आता एक काहून? कोनता ठेवला?" पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. उत्तर नाही. जुन्या गटात त्यांची थट्टा झाली असती, पण प्रश्न वाचला गेला असता. उत्तर नाही म्हणजे सरांनी पाहिलं असेल, असं धरून ते कागद छापत राहिले.

शेजारच्या पातूरकडे काही शेतांत पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी, करपली. कागदावरच्या मापाने साध्या पंपातून दिवसभर फवारणारा एक जण धुऱ्यावरच, शेताच्या बांधावरच, कोसळला. अकोल्याच्या दवाखान्यात त्याचा जीव वाचला, पण नजर अधू झाली. कागदावर दुकानाचं नाव होतंच. लोक दुकानावर चालून गेले.

दुसऱ्या दिवशी काहूनभाईंचा फोन आला. आवाज बसलेला होता. "सर, मले वाचवू नका. फकस्त एकदा बाळापूरले या. चौकात सांगा, कागद माहा होता पन माप तुमचं होतं. लोकं माह्या दारावर थुकून राहिले जी."

मी म्हणालो, "मंडळींशी बोलून कळवतो."

मंडळींशी बोललो, तेही प्रोग्रामर मंचावर, जिथे काहूनभाईंना प्रवेश नव्हता. ठरलं ते असं: चूक गुपचूप दुरुस्त करायची आणि प्रत्येक कागदाखाली छापायचं, 'मात्रा केंद्रचालकाने तपासून घ्यावी.' केंद्रचालक म्हणजे काहूनभाईंसारखे दुकानदार; म्हणजे गुन्हा त्यांचाच! शिकलेल्या, सज्जन माणसांनी शांतपणे केलेला हा हलकटपणा आहे. मी त्याला 'सहमत' लिहिलं. बाळापूरला गेलो नाही. दुकान बंद पडलं.

ते पुढे अकोल्याला मेहुण्याच्या टायरच्या दुकानात बसू लागले, असं ऐकलं. नंतर एकदाच भेटले, अकोल्याच्या बसस्टँडवर. मी तोंड फिरवणार, तोच हाक आली, "ओ सर!" अमरावतीची गाडी लागली होती, खच्चून गर्दी. त्यांनी खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरली, माझी पिशवी आत दिली. शेजारच्याला बजावलं, "आमचे सर हायेत. सरकून बसा जरा." दुकानाचा विषय काढला नाही. माझे गुडघे कसे आहेत, ते विचारलं.

त्यानंतर कळलं ते त्यांच्या जाण्याचंच.

त्या दिवशी ते खिडकीखाली उभे होते. 'भाई, तुमचा प्रश्न बरोबर होता आणि मी तो वाचलाच नाही,' एवढंच मला म्हणायचं होतं. वाक्य जुळवून तयार होतं. कंडक्टरने घंटी दिली. मी खिडकीतून वाकलो आणि म्हणालो, "बरं, येतो."