उघड्या दाराची राखण

अमेरिकेतल्या ट्रॉय गावात बर्फ पडत असलं तरी नीलांबरीकाकू तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावून पुढचं दार उघडतात. लक्ष्मी यायची वेळ ती. निवृत्त इंजिनियर शशिकांतकाका सोफ्यावरून म्हणतात, "अगं, सगळ्या मिशिगनला हीट करायचंय का?"

म्हणूनच की काय, शेजारच्या मार्गारेटचं पायाचं हाड मोडलं तेव्हा तिने गावातल्या चर्चच्या दाराच्या राखणीची आपली संध्याकाळची पाळी काकूंकडे सोपवली. देवाचंच घर, काकूंनी आढेवेढे घेतले नाहीत.

एका विक्षिप्त कारखानदाराने इंग्लंडमधल्या खेड्यातलं हे जुनं चर्च दगड-दगड सुटा करून बोटीने आणवलं होतं. लहानपणी तिथल्याच बंद दाराबाहेर तो थंडीत कुडकुडला होता म्हणे. मृत्युपत्रात त्याने लिहून ठेवलं : या दाराला कधीही कडी लागता कामा नये. एकदा जरी लागली, तर चर्च पुतण्याच्या वारसांचं. ते विकायला टपलेलेच; दारावर त्यांनी कॅमेराही बसवलाय. आणि हो, मृत्युपत्रात हेही होतं : शेगडीजवळचा त्याच्या कुत्र्याचा बाक तिथेच राहील.

जानेवारीतली संध्याकाळ. काकू चर्चमध्ये एकट्याच होत्या. बाहेर हुड घातलेला एक उंच माणूस आवारातल्या थडग्यांमधून येरझारा घालत होता. एक हात जॅकेटच्या आत. टीव्हीवरच्या गोळीबाराच्या नको त्या बातम्या आठवल्या. काकूंनी घरी फोन केला.

"निघालोच. तू आधी कडी लाव."

"लावली तर चर्च जाईल हो."

"आणि तू गेलीस तर?"

काकूंनी कडीला हात घातला. लोखंड गारठलेलं. तोंडात रामरक्षा, पण ओळी मागेपुढे व्हायला लागल्या. पावलं जवळ आली. कडी जराशी सरकलीही, आणि काकूंच्या मनात आलं, घरी या वेळेला आपण दार उघडतो. त्यांनी हात काढून घेतला आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

तो आत आला. जॅकेटमधून ओलं, थरथरणारं कुत्र्याचं तोंड बाहेर डोकावलं.

"याला आणलं तर चालेल? मघापासून विचार करतोय," तो खाली बघत इंग्रजीत म्हणाला.

काकूंनी शेगडीजवळच्या बाकाकडे बोट दाखवलं.

काका पोचले तेव्हा कुत्रं झोपलं होतं, माणूस काकूंच्या थर्मासमधला चहा पीत होता.

पुढच्या पाळीच्या बाई आल्यावर दोघं गाडीत बसले.

"उद्या जाऊ नकोस," काका म्हणाले.

"जाणार. पण तुम्हीही बरोबर बसायचं. आणि सोफ्यावरची शाल घ्या, तिथे फार गार लागतं."